गच्चीवरच्या डब्याला नेटवर्क

४ नोव्हें., दिग्रस
गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी. डॉक्टरांनी जिना बंद केला. हॅम रेडिओ पलंगाशेजारी आला, पण अँटेना फिरवायचा माझा घरगुती डबा गच्चीवरच्या खोलीत. त्याच्या वायरी मीच अशा गुंफल्यात की हलवायचा तर भाष्यकार बोलवावा लागेल. सौ. वर गेली. मी खालून ओरडतोय, "डावं बटण! अजून... पुरे!"
वरून, "मी काही तुमची मोटर नाही."
तरी फिरवलं. रेडिओवरचा जुना मित्र केशव मिळाला, डेहराडूनहून. पक्षाघातापासून त्याची जीभ जड. लाजतो, फोन घेत नाही. मोर्सच्या टिकटिकीत कोणी बोबडं नसतं. सकाळचं तेवढंच त्याचं बोलणं.

६ नोव्हें.
जिन्यात सौ.ची कंबर धरली. आता दोघं आडवी. केशव राहिला. राठोडला फोन. आमच्यातलाच, परवानाधारक हौशी रेडिओवाला.

७ नोव्हें.
राठोड तांड्यावरून आला, कापसाची वेचणी सोडून. दारातच, "मास्तर, वहिनीले कायले चढवून राह्यले? मले सांगाचं होतं ना!"
नेटवर्कचं छोटं कार्ड आणलेलं. दिवसभर वर बसून डब्याला जोडलं, खिडकीतून वायर खाली सोडली. आता लॅपटॉपवर अंश टाकायचे, अँटेना आपोआप वळतो. सौ. म्हणाली, "यांनाही एक बसवून द्या भाऊ, भाजी आणायला." जेवून गेला. पैशाचं नाव काढू देईना. असा मित्र कुठल्या पुण्याने, आठवत नाही.

८ नोव्हें.
डेहराडून म्हणजे जवळपास सरळ उत्तर. शून्य टाकलं. वर मोटर घुरघुरली. केशव नाही.

१० नोव्हें.
नाहीच. राठोड म्हणतो, "सूर्यावर वादळ असन, त्यानं सिग्नल बिघडते." मी म्हणतो, कार्ड. बिचाऱ्याने येऊन तेही बदललं. मी जुन्या कार्डाला संस्कृतातून बोल लावले, ढिम्म.
केशवच्या मुलीचा मेसेज: बाबा रोज हेडफोन लावून बसतात. नाश्त्यालाही उठत नाहीत.

११ नोव्हें.
सकाळी अंगणात खुर्चीवर बसून संध्या. अर्घ्य देताना वर पाहिलं, तर अँटेनाही माझ्यासारखाच सूर्याकडे तोंड करून! लॅपटॉप म्हणतो उत्तर.
मग उजेड पडला. डबा बनवला तेव्हा शून्य पूर्वेला धरलं होतं. आमच्या पूजापाठात दिशा पूर्वेपासूनच मोजतात, मला दुसरं सुचलंच नव्हतं. डब्यावर काट्यामागे दिशांची नावं रंगवलेली, म्हणून इतकी वर्षं निभावलं. कॉम्प्युटरला शून्य म्हणजे उत्तर.
राठोडला सांगितलं. बराच वेळ नुसता हसत होता. "आवो, तुमी तं मशीनची मुंज लावून ठेवली!" संध्याकाळी येऊन प्रोग्राममध्ये नव्वद अंशांचा फरक घातला. सौ.ने त्याच्यासाठी शिरा केला. मला वाटी अर्धी.

१२ नोव्हें.
सकाळी शून्य टाकलं. सौ. कंबर धरून अंगणात गेली, पाहून आली: "उत्तर. नक्की."
हाक दिली. शांत. पुन्हा दिली. मग मुलीचा मेसेज: "काका, स्पष्ट येतंय. बाबांनी मोर्सच्या किल्लीवर हात ठेवलाय. पण आज बोटं हलत नाहीयेत."
"घाई नको" असं कळवलं. मग मीच पाठवत राहिलो: गुडघा, कंबर, मुंज, शिरा. मधेमधे थांबून ऐकत होतो. नुसती खरखर.
वारा सुटलाय. एरवी काम झालं की अँटेना मोडू नये म्हणून वाऱ्याच्या रोखाने वळवून ठेवतो. आज नाही वळवला. रेडिओही चालूच आहे. सौ.ने चहा इथेच आणून दिला, शेजारी बसली.