कबरी अजून उभी आहे

शुक्र., २९ जाने.
सौ.च्या डोळ्याची तारीख मिळाली. १० फेब्रु.ला भरती, ११ला ऑपरेशन. उन्हाळा लागला की डॉक्टर मोतीबिंदूला हात लावत नाहीत, मग थेट पुढची थंडी. तोवर डोळा राहील याची खात्री ते देत नाहीत. तिचं एकच पालुपद: “बकरी व्याल्याशिवाय मी हलत नाही.” गेल्या साली ही लग्नाला उमरेडला गेली, मी ड्यूटीवर, आणि कबरी एकटीच व्याली. दोन्ही पिल्लं मेलेली सापडली. तेव्हापासून हे.
गणपतीत बोकडाला लावली होती. पाच महिने धरले तर पुढचाच आठवडा. बसतंय.

गुरु., ४ फेब्रु.
काही नाही. कास सैल. निवडणुकीमुळे पेपरच्या ऑफिसात मजकुराचा ढीग, तरी सगळी पानं छपाईला वेळेत सोडली. घरचं एवढं एकच वेळेत होत नाही. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखतात.

सोम., ८ फेब्रु.
काशीबाई वस्तीतल्या बकऱ्या चारायला नेते. आज कबरीला दोर लावता लावता सहज म्हणाली, “भाऊ, पितरपाटात हे पुन्हा ओरडून राहिली होती ना. मंग मी पुन्हा लावली.”
“मग सांगितलं काहून नाही?”
“तुम्ही विचारलं काहून नाही?”
म्हणजे गणपतीतली खेप लागलीच नसेल तर पितृपक्षापासून पाच महिने, फेब्रुवारी अखेर. लागली असेल तर आज, उद्या. कोणती लागली ते कबरीलाच ठाऊक.
सौ. म्हणाली, तारीख पुढे ढकला. मी आवाज चढवला नाही; एवढंच म्हटलं, पुन्हा तारीख मिळायची नाही. तर म्हणते, “तुमचा पेपर रोज निघते. बकरी सालातून एकदा व्यायते.”
काशीबाईनेच शेवटी, “जा वं माय. डोळा राहीन तं पिल्लं दिसतीन. मी हावो ना इथं.”
उठून पिशवीत लुगडी भरायला लागली. म्हणजे जाईल.

बुध., १० फेब्रु.
भरती केलं. रिक्षात बसण्याआधी कबरीच्या शेपटाच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवला तिने, मग माझा हात धरून तिथे ठेवला. “इथं खोल पडलं की समजा, त्याच दिवशी. तिले सोडून कुठं जायचं नाही.” मी हो म्हटलं.

शुक्र., १२ फेब्रु.
काल ऑ. झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. कानाशी वाकलो, तर विचारते, “काही झालं का?” मी म्हटलं, सगळं नीट झालं म्हणतात डॉक्टर. “माझं नाही वो.”

शनि., १३ फेब्रु.
पहाटे कबरी ओरडल्याचा भास झाला आणि ही ताडकन उठून बसली. सिस्टरने मला भेटीच्या वेळी झापलं, जणू मीच उठलो होतो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, पुन्हा अशी उठली तर मी जबाबदार नाही.
परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. चालवायचा जीव नव्हता.

रवि., १४ फेब्रु.
सांगून टाकलं. व्याली. दोन. दोन्ही उभी राहिली.
“रंग?”
एक आईसारखं, एक काळं.
मोठा श्वास सोडला आणि सपाट पडून राहिली. मी इतकी वर्षं कामात आहे, घडण्याआधी बातमी कधी सोडली नव्हती.
कबरी अजून उभी आहे.

सोम., १५ फेब्रु.
सगळ्या वॉर्डाला कळलंय. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, तिलाही पट्टी: “भाऊ, खरवस कधी आणता? मले गूळ जास्ती लागते.”
चीक! व्यालेल्या बकरीला चीक असतो हे माझ्या डोक्यातच नाही आलं. उद्या आणतो म्हटलं.

मंगळ., १६ फेब्रु.
गवळीपुऱ्यातून म्हशीचा चीक मिळवला. काशीबाईने गूळ, विलायची घालून वाफवला आणि हसून लोटपोट. “भाऊ, म्हैस व्याली म्हना आता!”
वॉर्डाने बोटं चाटली. सौ.ला मी चमच्याने भरवला. बराच वेळ तोंडात धरून होती.
“म्हशीचा आहे.”
मी चमचा वाटीत ठेवला.
“म्हणजे कबरी अजून उभीच आहे.”
“हो.”
मला वाटलं आता रडेल, आणि रडायचीही मनाई. ती म्हणाली, “दोन रात्री झोप नाही मले. पिल्लायले कोन पाजून राहिलं असंन, काळं कमजोर तं नसंन. आता तरी झोपू द्या.”
आणि खरंच झोपली, मी बसलो होतो तिथेच. म्हातारीने माझ्या वाटचा उरलेला खरवस मागून घेतला.

गुरु., १८ फेब्रु.
उद्या दहाला पट्टी सुटणार. “तुम्ही समोर राहा. दिसलं तं पहिलं कोन दिसते ते पाहू.” येतो म्हटलं. कबरीची कास भरत आली आहे.

शुक्र., १९ फेब्रु.
सकाळी हात लावला. शेपटाच्या दोन्ही बाजूंना खोल पडलंय. काशीबाईला दाखवलं. “आजच.” कबरी पायाने माती उकरते, बसते, लगेच उठते.
“तुम्ही जा, भाऊ. मी हालत नाही इथून.”
“तिथे गेल्याबरोबर विचारेल ती.”
“मंग खरं सांगा ना.”
नऊ वाजून गेलेत. शर्ट घातला आहे. कबरीपाशी थांबायचं कबूल केलंय, सौ.पुढे उभं राहायचंही. कबरी आता पुन्हा बसली. उठली. ती उभी आहे तोवर निघावं, म्हणजे तिथे पोचल्यावर निदान खरं सांगता येईल, कबरी अजून