दुहेरी शिलाईचे मोजे

बाबा, आज सकाळी तुमचं शिलाई मशीन काढलं, एक उसवलेला मोजा हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. कुत्र्याचा मोजा. म्हातारी झाले तरी चार कुत्री अजून पाळते, हसू नका. का बसून राहिले ते सांगते, पण लांबून सांगते. तुम्ही म्हणायचात ना, हिची गाडी पुण्याला जायची तर आधी कलकत्त्याला जाऊन येते.

अलास्कात, फेअरबँक्सला तुम्ही रस्ते खात्यात इंजिनिअर, आणि मी कॉलेज सोडून बर्फावरून स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या रेसमध्ये उतरले. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. "गल्लीतली कुत्री हाकलण्यात आमचं बालपण गेलं, आणि तू त्यांच्या मागे उभी राहून हजार मैल जाणार?" एवढं बोललात आणि अख्खा हिवाळा माझ्याशी अबोला धरलात. मग एका रविवारी किचनमधून मशीनचा आवाज. बघते तर तुम्ही चष्मा नाकावर ओढून कुत्र्यांचे मोजे शिवताय, बर्फाने पंजे फाटू नयेत म्हणून घालतात ते! आजोबा नागपूरला शिंपीकाम करायचे, शाळेत जायच्या आधी तुम्ही काजं करायला शिकलात, हे मी फक्त ऐकून होते. "एका कुत्र्याला किती लागतात?" तुम्ही मान वर न करता विचारलंत. "चार, बाबा." "ते कळतं गं मला! एकूण किती?" शेकड्यांनी लागतात म्हटल्यावर तुम्ही कपाळावर हात मारलात आणि पुन्हा पायडल मारायला लागलात. तेवढ्यावर आपला अबोला सुटला.

रेसच्या सकाळी तुम्ही माकडटोपी घालून दोरीपलीकडे उभे होतात. सगळ्यांच्या पुढे धावणारी माझी कुत्री तुम्हाला आवडायची. सगळ्यांना वळण लावते म्हणून तिचं नाव तुम्ही 'मास्तरीण' ठेवलं होतंत, पण तिला हात कधी लावला नाहीत. सुटायच्या आधी दहाही कुत्री नुसती किंचाळत होती, उड्या मारत होती, आणि मी स्लेज रोखून धरणारा लोखंडी आकडा बर्फातून उपटला तशी सगळी एकदम गप्प. फक्त पट्ट्यांची सरसर आणि त्यांचे श्वास. काय सांगू बाबा, अंगावर काटा येतो आजही. तेवढ्यासाठी मी कॉलेज काय, काहीही सोडलं असतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी एका चेकपॉइंटवर आहे. ज्याला महत्प्रयासाने मागे टाकलं तो गडी निघायच्या तयारीत आहे. चाळीस मोजे घालायचे म्हणजे उणे तीसमध्ये उघड्या बोटांनी पाऊण तास. बर्फ मऊ दिसतंय. मी म्हणते, जाऊ दे यार, आणि मोज्यांची पिशवी तिथेच ठेवून निघते. ओझं तरी कमी. पुढे नदीवर वाऱ्याने वरचं बर्फ उडवून नेलं होतं, खाली फुटक्या काचेसारखा थर. मागे वळून पाहिलं तर पांढऱ्यावर लाल ठिपके. मास्तरीण थांबली, बसली, पंजा चाटायला लागली. मी ओरडले तिच्यावर, बाबा. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मग तिला स्लेजमध्ये ठेवलं, चालत पुढचं गाव गाठलं आणि रेस सोडली.

फोनवर तुम्ही आधी विचारलंत, "मास्तरीण कशी आहे?" मग, "मोजे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "टिकले नाहीत. शिलाई गेली." तुम्ही म्हणालात, "एक फाटका घेऊन ये, बघू." फाटका कुठून आणणार? चेकपॉइंटवर ठेवलेली पिशवी परत मिळाली, त्यातला एक कोरा मोजा काढला, चिखलात चोळला आणि कात्रीने शिवण कापली. तुम्ही तो खिडकीशी नेलात, उलटा केलात, दोऱ्यावरून अंगठा फिरवलात. "दोरा कच्चा होता. माझीच चूक," म्हणालात. आणि तो अख्खा उन्हाळा ऑफिसहून आल्यावर सगळे मोजे पुन्हा शिवलेत, दुहेरी शिलाई घालून.

पुढच्या वर्षी मी शेवटपर्यंत पोचले. घरी जेवायला आलेल्या काका-काकूंना तुम्ही सांगत होतात, "पहिल्या खेपेला माझ्या शिलाईने पोरीचा घात केला." मी तिथेच वरण वाढत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आज सकाळचा मोजा मात्र खरोखर झिजून उसवलेला होता. त्याचा दोरा बघितला. टोकं पिंजलेली, वातीसारखी. कापलेला दोरा असा नसतो, त्याचं टोक सरळ असतं. इतकी वर्षं मोजे विकत आणले, उसवले की टाकून दिले, म्हणून मला हे आज कळलं. तुम्ही शिंप्याचा मुलगा. अंगठा फिरवताक्षणी तुम्हाला कळलं असणार. मग एक थोबाडीत का नाही दिलीत हो? "खोटं बोलतेस" एवढं तरी म्हणायचं होतंत. सगळं स्वतःवर घेतलंत आणि वर त्या पाहुण्यांनाही तेच सांगितलंत. मला तुमचा राग येतोय, आणि रडूही येतंय.

हा कागद मशीनच्या खणात ठेवते, कात्रीजवळ. तुम्हाला ठाऊक होतं, तरी एकदा माझ्या तोंडून यायला हवं. मोजे चांगले होते, बाबा. मी ते घातलेच नव्हते.