पेढे का वाटले?

अण्णा, मी कोर्टात आहे. घाबरू नका, गुन्हा काही केलेला नाही. उलट दावा मीच लावलाय, माझ्या कंपनीवर. जेवणाची सुट्टी झालीय. शिवाजीनगरच्या या आवारात एका बाकावर डबा उघडून बसलेय. सुट्टी संपली की पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आमच्या वकीलबाईंना मधल्या वेळात माझ्याशी साक्षीबद्दल बोलता येत नाही, तसा नियम आहे म्हणे. म्हणून त्या तिकडे लांब चहा पितायत आणि मी पिशवीतला एक कोरा कागद काढून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण असल्या वेळी दुसरं कुणी आठवतच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी त्या कंपनीत नुकती चिकटले होते. पुढे डिस्पॅचची प्रमुख झाले, ते तुम्ही पाहिलंच नाही. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा, कुणाचा आधी सोडायचा, सगळं माझ्या शब्दावर चालायचं. मग नवे साहेब आले आणि त्यांना माझ्या खुर्चीत त्यांचा माणूस हवा होता. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, उद्यापासून आपण रेकॉर्ड रूम बघा. तिथे टेन्शन नाही." रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली, जुन्या फायली आणि खडखडणारा पंखा. पद गेलं, पगारही खाली आला. आणि मी काय करावं? दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेले! आमच्याकडे रीत होती, विभाग बदलला की जाणाऱ्याने पेढे वाटायचे. पण ती बढती मिळालेल्यांची रीत हो, खाली ढकललेल्याने वाटावेत असं कुणी सांगितलं होतं? लोक कुजबुजतील, कीव करतील, या धास्तीने मी प्रत्येक टेबलापाशी गेले आणि हसत हसत पेढे दिले. "अरे वा मॅडम, कशाचे?" "नवीन जबाबदारी!" कुणीतरी फोटो काढला. पुढे काही महिन्यांनी काम समाधानकारक नाही म्हणून मला काढूनच टाकलं. तेव्हा मी दावा लावला, की खाली बसवलं तेही बेकायदा, काढलं तेही बेकायदा, नुकसानभरपाई द्या.

फोटोचं मी वकीलबाईंना आधीच सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "पेढे? अहो, सनईचौघडाही लावायचा होतात." मग म्हणाल्या, विचारलंच तर रीत होती एवढंच सांगा, पुढे एक अक्षर बोलू नका. आज सकाळी कंपनीच्या वकिलांनी तो फोटो माझ्यापुढे धरला. "बाई, बॉक्स आपल्याच हातात आहे ना?" हो म्हटलं. "आणि आपण हसताय." हो. "अपमान झाला म्हणता. मग अपमान झाला की पेढे वाटायची आपल्याकडे पद्धत आहे का? का वाटले पेढे?" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तो फोटो हातात घेऊन पुन्हा बघू लागले. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उत्तर सुट्टीनंतर घेऊ."

या बाकावर टेकले आणि मला तुमचे पेढे आठवले. मार्केट यार्डातला तो गाळा, गादीवर पांढरा सदरा घालून हिशेब लिहीत बसलेले तुम्ही. आणि एका संध्याकाळी मी शाळेतून घरी आलेय, तुम्ही दारातच पेढ्यांचा पुडा सोडताय. "घ्या! मालकांनी उद्यापासून बाहेर लावलंय, गाड्या उतरवतात तिथे देखरेखीला. मोकळी हवा!" आई विचारते, "अहो, मग गादीवर कोण?" तुम्ही म्हणता, "त्यांचा पुतण्या. तू खा ना." आई पेढा हातात धरून नुसती बसून राहते. तिच्या वाटचाही मग मीच खाल्ला. त्यानंतर तुम्ही शेवटपर्यंत उन्हातच उभे होतात. तुम्हाला खाली उतरवलं होतं, अण्णा, हे मला इतक्या वर्षांनी आज कळतंय. जयंतीला निळा झेंडा घेऊन पुढे चालायचात, घोषणा देताना तुमचा आवाज साऱ्या वस्तीत मोठा, आणि मालकापुढे तोंडातून ब्र नाही. मला राग येतोय तुमचा. एकदा तरी घरात येऊन ताट भिरकावलं असतंत, तर अपमान झालेला माणूस कसा दिसतो ते मला कळलं असतं. मला फक्त पेढे वाटणं ठाऊक होतं.

'रीत होती' हे उत्तर खोटं नाही, आणि सोपंही आहे. पण ते दिलं तर त्या फोटोतली बाई खरोखर खूश होती असंच ठरेल. लाज वाटली म्हणून वाटले, असं सांगायचं मी ठरवलंय. कंपनीचे वकील लगेच विचारतील, लाज कसली? लोक पुन्हा हसतील. वकीलबाई कपाळाला हात लावतील. दावा गेला तर या वयात मला दारात कोण उभं करणार?

तुम्ही असतात तर इथे शेजारी बसला असतात, पाण्याची बाटली पुढे केली असतीत आणि हळूच म्हणाला असतात, "चल पोरी, घरी जाऊ. मोठ्यांशी वैर नको आपल्याला." आणि मी मुकाट्याने उठून आले असते.

शिपाई दारात येऊन पुकारतोय. हा कागद कुठे पाठवणार, पर्समध्ये कोंबते. एवढं मात्र सांगून टाकते, अण्णा. तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदाच, तुम्ही इथे नाही याचं मला बरं वाटतंय.