बरोबरची खूण

प्रिय वहिनी,

सकाळी तू निघालीस तेव्हा मी जागीच होते. चपला घालताना तू पुटपुटत होतीस, बॉक्स, बॉक्सेस, ब्रश, ब्रशेस, आणि त्याच तालात दार ओढून घेतलंस. टेबलावर वहीऐवजी पत्र दिसलं म्हणून घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. वही पत्राखालीच आहे. पण आधी हे वाच. चहा घे, पाय वर घेऊन बस आणि दादाचा चष्मा लाव.

एका घरात राहून आपण एकमेकींना लिहून कळवतो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. तू रुग्णालयाच्या धुलाईखान्यातून अडीचला येतेस, मी बाराला छापखान्यात मुद्रितं तपासायला गेलेली असते. आठला परत येते तोवर तू झोपलेली असतेस. दादा गेल्यापासून सहा वर्षं हेच चाललंय. पूर्वी फ्रिजवर चिठ्ठ्या असायच्या. जेवण झाकलंय. बल्ब गेलाय. तुझी छत्री मी नेली. मग तुझ्या मुकादमबाईंनी ती जाहिरात आणली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला कपड्यांचं कोठार सांभाळायला बाई हवी होती. बसून करायचं काम, एकटीपुरती राहायला खोली. अट एकच, कोठारातल्या सामानाची इंग्रजी यादी ऐकून बिनचूक लिहायची परीक्षा पास व्हायची. इस्त्रीपुढे आठ तास उभं राहून तुझ्या घोट्यांची काय दशा होते, ते मी रविवारी बघते. तू विचारलंस, काय हो वन्सं, सातवीत सोडलेलं इंग्रजी सेहेचाळिसाव्या वर्षी ओळख दाखवेल का? वन्सं तू मला फक्त चिडवायला म्हणतेस, पण त्या दिवशी आवाज चिडवणारा नव्हता. मी म्हटलं, मी आहे ना.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर अनेकवचनाचे नियम लिहिले, तर तू त्याखाली तुझ्या भाषेत वेगळेच लिहून ठेवलेस. शब्दाच्या शेवटी सिसकारी आली की मध्ये ई घालायचा, नाहीतर जीभ ठेचकाळते. शेवटी एफ असला तर बऱ्याचदा तो जाऊन व्ही येतो, जसं शेल्फचं, पण सगळे एफ तसे शहाणे नसतात, ते पाठच करायचे. आणि शेवटचा वाय काढून आय-ई-एस, याला तू म्हणालीस, एकाला हाकलून तीन पाहुणे घरात. मी छापखान्यात एकटीच हसले. शेजारी अक्षरं जुळवणारा जुळारी म्हणाला, बाई, आज मुद्रितात विनोद सापडला वाटतं.

रोज पन्नास शब्द. तू दुपारी लिहायचीस, मी सकाळी तू गेल्यावर तपासायची. बरोबरला लाल खूण, चुकलं तर त्याखाली रेघ आणि शेजारी खरा शब्द. पानाच्या तळाशी तू एक ओळ माझ्यासाठी लिहू लागलीस. आज बावीस नंबरच्या खाटेवरचे आजोबा घरी गेले, त्यांची चादर मी स्वतः दुमडली. किंवा, तुमच्या रेघा फार जोरात असतात, मागच्या पानावर उमटतात. मीही दोन ओळी लिहायची. वहिनी, सहा वर्षांत तुझ्याविषयी मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या तळच्या ओळींतून तीन महिन्यांत कळलं. मागच्या महिन्यात तुला ताप आला आणि चार दिवस वही कोरी राहिली, तेव्हा मी लाल पेन हातात घेऊन टेबलाशी बसायची आणि बाराला उठून जायची. तू शेजारच्या खोलीतच होतीस. आत येऊन विचारपूस केली, औषध दिलं, पण बोलायचं काय ते सुचेना.

आपल्या दोघींच्या कपाटाच्या दाराला आतून तू तो मोठा कागद चिकटवलास, तपासून झालेल्या शब्दांचा. वेणी घालताना तो वाचतेस. मी मात्र गेले पंधरा दिवस ते कपाट उघडायचं टाळतेय. माझ्या साड्या खुर्चीवर पडल्यात, तुझ्या लक्षात आलंच असेल. एकोणीस वर्षं मी मुद्रितांवर सही करतेय. माझी सही असली की मालक पुन्हा बघत नाहीत. तूही बघत नाहीस.

आता लिहितेच. नऊ तारखेला तू ट्रेचं अनेकवचन लिहिलंस, वाय काढून आय-ई-एस लावून. ते चूक आहे. वायच्या आधी स्वर असेल तर वाय तसाच राहतो, पुढे नुसता एस लागतो. नियमाचा हा अर्धा भाग तुला सांगायचा राहिला होता. त्या दिवशी मी बरोबरची खूण केली ती खरोखर नजरचूक होती. दहा तारखेला तू चावीचं, म्हणजे कीचं, तसंच लिहिलंस. त्या दिवशी मला चूक दिसली. पेन टेकवलं, आणि मनात आलं, ही पास झाली की वही बंद. मी खूण केली, बरोबरची. मग कफ, म्हणजे बाहीची पट्टी, या शब्दाला तू चुकून व्ही लावलास तेव्हाही केली. असे एकूण अकरा शब्द आहेत. माझ्या रोजनिशीत त्या प्रत्येक दिवशी लिहिलंय, वहिनीची वही तपासली, सगळं बरोबर. काल तुझी तळची ओळ होती, धुलाईखान्यातल्या नव्या मुलीलाही मी आपले शब्द शिकवतेय, तिला सांगितलं, आमच्या वन्संनी तपासलेत, डोळे मिटून पाठ कर. त्यानंतर मला ते पान उलटवेना. ते अकरा शब्द वहीत दुरुस्त केलेत, कपाटावरचा कागद काढून नवा लिहून लावलाय, त्या मुलीसाठी एक प्रत वहीत ठेवली आहे. परीक्षेला आठ दिवस आहेत. मी छापखान्यातून आठ दिवसांची रजा घेतेय, आज अर्ज देऊन येते. उद्यापासून अडीचला मी घरी असेन. शब्द मी मोठ्याने सांगेन, तू समोर बसून लिही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, फक्त लिही. तू पास व्हायला हवीस. तुझ्या सामानाची पेटी मीच उचलून देईन.

तू मला अजून तसं म्हणणार असशील तर,
तुझीच,
वन्सं