चॅपलमधली दुपारची झोप

नेरे, १२ फेब्रुवारी २०२६

चि. निरंजन,

अनेक आशीर्वाद.

काल, बुधवार ११ फेब्रुवारी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, तू पाठवलेल्या लग्नाच्या हॉलवाल्याने, त्या जनार्दनने, सिस्टरांच्या मठातल्या चॅपलमध्ये स्पीकर लावून आवाज किती घुमतो ते पाहिलं. तिथे तीसेक माणसं झोपलेली होती. मी साक्षीदार आहे.

माझी तब्येत बरी आहे. दिशाला सांग, शाल पोचली. रंग भयंकर आहे, पण ऊब येते.

मी तिथे काय करत होते? तुझ्या नावाने भांडायला गेले होते. सिस्टर मठ सोडून गेल्या, आपल्या तात्यांनी त्यांना दिलेली जागा आपल्याकडे परत आली, आणि तू ती रात्रपाळीच्या कॅब ड्रायव्हरांना दिवसा झोपायला दिलीस. तेव्हापासून वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. प्रार्थनेच्या जागेची धर्मशाळा केली, असं पार जांबे गावापर्यंत सांगत फिरले. काल म्हटलं, एकदा डोळ्यांनी पाहावं आणि मग झापावं.

फाटकातच मी सुरू झाले. "कोण आहे रे इथला मॅनेजर?" ओवरीतून एक ड्रायव्हर आला, वरच्या वाडीतल्या धाकलूचा सुनील. हळूच म्हणाला, "आजी, हितं बोलायचं न्हाई. चपला भाईर."

सिस्टरांच्या शाळेत दहा वर्षं हेच ऐकलं होतं, फक्त इंग्रजीत. मी चपला काढल्या.

"आणि मला बोलायचंच असलं तर?"

"मग तिकडं आंब्याखाली. आमी बी तितंच भांडतो."

आत गेले. आम्हा मुलींना चॅपलमध्ये लाकडी जाळीच्या अलीकडे बसवत. पलीकडे सिस्टर प्रार्थना म्हणत. तिथे त्या कधी दिसल्या नाहीत, नुसते आवाज यायचे. जाळी आता काढली आहे. बहात्तराव्या वर्षी मी पलीकडे पाऊल टाकलं.

पार वेदीच्या जागेपर्यंत गाद्या. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरलं होतं, कुणाच्या पायावर, कुणाच्या उघड्या तळहातावर. परभणीचा कोण, बिहारचा कोण, आपल्या मुळशीचा कोण, काही कळत नव्हतं. त्या कमानीखाली सगळ्यांचा श्वास एक होऊन वर जात होता आणि छताला लागून सावकाश खाली येत होता. हिंजवडीचे हॉर्न भिंतीबाहेर राहिले होते. एकाला पाणी हवं होतं, त्याने शेजाऱ्याला अंगठ्याने खूण केली. सिस्टरही जेवताना अशाच खुणा करतात, असं मठाच्या मुख्य, मदर, आम्हाला सांगायच्या. यांना कुणी शिकवलं? मी खांबाला धरून उभी राहिले, बसायचं सुचलंच नाही. मी काशी पाहिली, रोम पाहिलं. असं मोठं काही पाहिलं नव्हतं.

मग तुझा जनार्दन आला, त्याने स्पीकर लावला. पोरं दचकून उठली. सुनील म्हणाला, "दादा, रातच्याला परत गाडी हाय. चालवताना डोळा लागला तर माणसं मरत्यात."

जनार्दन म्हणाला, "पाचच मिन्टं."

स्पीकरची वायर मी ओढली. तुझ्याकडे तक्रार आली असेल. खरी आहे.

पुढचं मी लिहिणार नव्हते. मॅट्रिकनंतर मी मदरकडे मठात राहायची परवानगी मागितली होती. त्यांचा देव नको होता मला, ती शांतता हवी होती. त्याच वर्षी आई गेली. तू चार वर्षांचा. तात्यांनी तुला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मला त्याचं दुःख नाही, उगाच गहिवरू नकोस. पण सिस्टर गेल्या तेव्हा वाटलं, ती शांतताही गेली. काल पाहिलं, ती आहे. तू तिला जागा दिलीस, तुला न कळता. आणि आता तूच तिथे डीजे आणणार.

एक मार्चला चॅपल लग्नांसाठी द्यायचा जनार्दनशी करार आहे म्हणे. करायचा नाही. चॅपल ड्रायव्हरांकडेच राहील, एवढं एक वाक्य लिहून, खाली सही करून पाठव. फोन करू नकोस, फोनवर तू सगळ्यांनाच हो म्हणतोस. बुधवार, २५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझा कागद माझ्या हातात हवा.

आजवर तुझ्याकडे काहीही न मागितलेली,
अक्का