सकाळी सहाचा आकडा

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा,
जय भीम.

तुझ्या अंगात अजून रक्त कमी आहे, असं तुझ्या आईकडून फोनवर कळलं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, वाया जातात. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते आहे. इकडे सर्व ठीक, असं पुढे लिहायची रीत आहे. ठीक नाही.

रविवारी रोहन तुझ्या माहेरी, वाघोलीला, तुला न्यायला येईल. त्याआधी हे वाच.

दिवाळीत त्याने त्याचा जुना फोन मला दिला. तुझ्या मनगटावरच्या पट्ट्याचं, तुम्ही दोघं बघायचात ते ॲप त्यातून काढायचं राहिलं. तू रात्री पट्टा बांधून झोपायचीस आणि सकाळी सहाला तुझं तापमान माझ्या हातात यायचं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तीस वर्षं शास्त्र शिकवलं, आलेख दिसला की वाचला जातो. ही सबब झाली. मला नातवंड हवं होतं.

जानेवारीत रेघ वर चढली ती पाळीची तारीख उलटली तरी उतरेना. तू चाचणी करण्याआधी मला कळलं होतं. तुझ्या डब्यातली पपई तेव्हाच बंद झाली. "आई, पपई महाग झाली का?" तू विचारलंस. मी हो म्हटलं.

त्या गुरुवारी सकाळी रेघ घसरलेली होती. आदल्या दिवशीही थोडी. तू म्हणालीस, कंबर दुखते आहे, आज घरूनच काम करू का? थांब म्हटलं असतं तर मला राहवलं नसतं. डॉक्टरकडे चल म्हणाले असते, आणि का ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "आम्ही नववा लागेपर्यंत फळ्यापुढे उभ्या होतो."

कंपनीच्या बसमध्ये, परक्या माणसांत, तुला रक्तस्राव सुरू झाला. आणि संध्याकाळी दवाखान्यात, तुझ्या आईसमोर, मी म्हटलं की एवढी दगदग केल्यावर दुसरं काय होणार. तू मान खाली घातलीस.

डॉक्टर म्हणाल्या, घरी थांबली असती तरी गर्भ टिकला नसता. असेल. पण तू एकटी नसतीस. तुझी चूक नव्हती, हे बोलतानाही मला ठाऊक होतं.

फोन सोबत पाठवते आहे. काही पुसलेलं नाही. रोहनला मी शनिवारी सांगणार आहे. रविवारी त्याच्याबरोबर निघायलाच हवं, असं बंधन मानू नकोस.

'तुझी आई' अशी सही या पत्राखाली करवत नाही.

राधा