पहिली ओळ माझी

३ मे
नातवाने, रव्याने, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. गावाकडे कुणाच्या तरी हळदीत मालन जात्यावर ओव्या म्हणतेय आणि लोक खाली ते लाल बदाम टाकतायत. मालन माझी धाकटी जाऊ. ओव्या माझ्या. एवढी वर्षं जात्याला समोरासमोर बसलो. ओवी मी सुरू करायची, ती नुसती मागून ओढायची. आता माझ्या जागेवर भलतीच बसवली. मला कळवलंसुद्धा नाय. केसाने गळा कापला, आणि त्या केसांना तेल मीच लावलेलं.
रव्याचंही तेच. बँडमधल्या पोरांशी बिनसलं, गिटार घेऊन घरी बसलाय. म्हणाला, आजी, मी आता सोलो. सोलो म्हणजे काय, विचारलं. म्हणे स्वतःची गाणी, एकट्याने गायची.
ठरलं. मी पण सोलो.

४ मे
रव्या लोकगीतात गिटार घालतो. त्याला फोक रॉक म्हणतात. म्हणाला, आजी, तुझ्या ओव्या दे, अल्बम काढतोय. मी अटी घातल्या. गिटार हळू. फोटो नऊवारीतला. नाव मोठ्या अक्षरात. तो बरं म्हणाला. पोरगं गुणी आहे, मालनसारखं आतल्या गाठीचं नाही.
मालनचा फोन आला. घेतला नाही. परत आला. तेव्हाही नाही. मग आलाच नाही. एवढीच माया.

७ मे, सकाळी
रेकॉर्डिंग. रव्याने त्याच्या खोलीच्या भिंतींना माझ्या गोधड्या टांगल्या. म्हणे आवाज घुमत नाही. कानांवर हेडफोन चढवला. मी सुरू केलं,
सासूबाईचा बोल, जशी बाभळीची काटी
आणि थांबले. रव्या म्हणाला, पुढे. म्हटलं, इथे दम घ्यायचा असतो. घेतला. परत तिथेच थांबले. दुसरी ओवी धरली, तीही तिथेच. सगळ्या ओव्यांचं तेच. रव्या म्हणाला, आजी, दुसऱ्या ओळी कुठेत?
दोष माझा नाही. हातात खुंटा नसला की ओळ फिरत नाही. जातं गावाला, मालनच्या पडवीत. तेही तिनेच दाबलं.

८ मे
घरघंटी लावून गायले. गहू संपले, मग ज्वारी, मग सुनेने जपून ठेवलेली नागली. ओळ अर्धीच. सून म्हणाली, आई, एवढं पीठ कोण खाणार, आळ्या पडतील. म्हटलं, कलाकाराच्या घरात हे चालायचंच. तिला नाय कळत.

१० मे
दुसरी ओळ मला येते. फक्त आठवत नाही. सोपी होती म्हणून मालनला दिलेली. पाया मी खणायचा, पत्रे तिने टाकायचे. तर उद्या पत्रे मीच टाकते.

११ मे
टाकले. काटीला जुळणारं वाटी.
सासूबाईचा बोल, जशी बाभळीची काटी
दुपारच्या जेवणाला, एक आमटीची वाटी
रव्या म्हणाला, छान आहे आजी, पण आत काही हलत नाही. म्हटलं, आमटीने कुणाचं काय हलणार.
गाऊन ठेवली. त्याने हेडफोन काढून ठेवला. भारावला असेल.

१४ मे
रव्या पहाटेच वणीला निघाला, देवीला. अल्बमसाठी नवस बोलणार असेल. मी नारळ दिला. मालनचं गाव वाटेतच लागतं, पण तो तिच्या दारात पाय ठेवणार नाही. माझं रक्त आहे.

२५ मे
गाणं आलं. आमच्या अख्ख्या इंदिरानगरात ऐकतायत, सून सांगते.
आधी माझी ओळ. मग गिटार, लय मोठी. मग मालन,
थोरली माझी जाऊबाई, पाय घेई तिच्या ओटी
सून डोळे पुसत होती. साफ खोटं. मी कुणाचा पाय ओटीत घेतला नाही. काटा काढला असेल एखादा, तोही ती लंगडून कामं टाळत होती म्हणून.
आमटी काढून टाकली.
फोटो रव्याचा. गीत, संगीत, गायन रव्याचं. आम्ही दोघी खाली बारीक अक्षरात, त्यातही मालन आधी. त्याला विचारलं. तोंड पाडून म्हणाला, आजी, सोलो अल्बम माझाच आहे ना. तुझ्या सगळ्या पहिल्या ओळी झाल्यात, मस्त आल्यात. तू आता आराम कर. दुसऱ्या ओळींसाठी मालनआजीला बोलावलंय.
परक्याने लुटलं तर पोलिसात तरी जाता येतं.

१ जून, दुपारी
मालन आली. उंबऱ्यातच म्हणाली, बाई, फोन उचलंनात तुम्ही, म्हटलं गेलात का काय. म्हटलं, तुला पोचवल्याशिवाय कशी जाईन. ती हसली. म्हणाली, त्या हळदीत भागुबाईला बसवली होती तुमच्या जागी, पार बेसूर, ओळ हातातच देईना. मी म्हटलं, मग माझ्याकडे काय आलीस. ती म्हणाली, रव्याने बोलावलं.
दोघं खोलीत गेले. दार लावलं. मी हॉलमध्ये शेंगा सोलत बसले. काम करता करता तोंडातून पहिली ओळ निघाली. आतून मालनने लगेच उचलली, जात्यावर उचलायची तशी. मी दुसरी ओवी टाकली. तिने तीही उचलली.
मग गिटार थांबली. रव्या बाहेर आला. म्हणाला, आजी, प्लीज, टेक खराब होतोय.
म्हटलं, बंद दारातून जातो त्याला आवाज म्हणतात.
तो म्हणाला, हो आजी. आत गेला आणि दाराच्या फटीला आतून टॉवेल लावला.